तयार मालाची साक्ष

अटारी कंपनीचे २६०० हे यंत्र १९७७ साली बाजारात आले, तेव्हा त्याच्यासाठी खेळ रचणारा प्रोग्रामर बहुधा एकटाच असे. कल्पना त्याची, पडद्यावरील आकृत्या त्याच्या, ध्वनी त्याचे आणि आज्ञावलीही त्याचीच. त्या यंत्राची कार्यस्मृती अवघी १२८ बाइट होती, आणि इतक्या संकुचित जागेत परक्याने घडविलेला माल आणून ठेवण्यास अवकाशच नव्हता. दुसऱ्याचा माल विकत घ्यावा की न घ्यावा, घेतल्यास तो कामात टिकेल की नाही, आणि याविषयी कोणाच्या शब्दावर भरवसा ठेवावा, हे प्रश्न त्या पिढीपुढे उभेच राहिले नाहीत. आज दोघातिघांचा एखादा चमू झाडे, खडक, पावलांचे आवाज, शत्रूच्या हालचाली आणि संवादाच्या चौकटी हे सारे बाजारातून उचलून आपला खेळ उभा करतो, आणि त्याच्या वर्ष-दोन वर्षांच्या श्रमाचे भवितव्य पुष्कळदा या प्रश्नांच्या उत्तरावर अवलंबून असते. या तयार मालाला धंद्यातील लोक सरसकट ‘ॲसेट’ म्हणतात. त्याच्या निर्मितीची हकीकत अनेकांनी लिहिली आहे. त्याच्याविषयी निःपक्ष साक्ष देणाऱ्यांची हकीकत मात्र विखुरलेली राहिली, आणि माझ्या मते तीच अधिक बोधप्रद आहे.

१९९० च्या सुमारास आयबीएम धाटणीच्या संगणकांसाठी खेळ रचणाऱ्यांची एक मोठी विवंचना ध्वनीची होती. कोणाच्या घरी ॲडलिबचे कार्ड, कोणाकडे साउंड ब्लास्टर, कोणा हौशी माणसाकडे रोलँडचे महागडे उपकरण. आणि प्रत्येकाशी बोलण्याची रीत निराळी. जॉन माइल्स यांनी १९९१ साली ही सर्व कार्डे एकाच दाराने हाताळणारा जो संच विक्रीस काढला, तो ‘माइल्स साउंड सिस्टिम’ या नावाने पुढे रॅड गेम टूल्स या कंपनीच्या मालकीचा झाला आणि असंख्य खेळांत शिरला. अशा मालाच्या करारनाम्यांत खेळाच्या आरंभी अथवा वेष्टनावर मूळ निर्मात्याचे नाव किंवा बोधचिन्ह दाखविण्याची अट पुष्कळदा घातलेली असे. अट अर्थातच विक्रेत्याच्या लाभासाठी होती. परंतु तिच्यामुळे एक गोष्ट अनायासे साधली, ती अशी की हा माल कोणत्या कोणत्या पुऱ्या झालेल्या खेळांत चालला याची उघड नोंद बाजारात राहू लागली. ज्याला तो विकत घ्यावयाचा होता, त्याने दुकानात जाऊन चार डबे उलटून पाहिले तरी त्याला साक्षीदारांची नावे मिळत.

या व्यवसायातील माणसे तोवर एकमेकांना फारशी ओळखतही नव्हती. क्रिस क्रॉफर्ड यांनी १९८८ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील आपल्या घरच्या दिवाणखान्यात पंचवीस-तीस खेळकर्त्यांना जमविले, आणि त्या बैठकीतून पुढे दरसाल भरणारी विख्यात परिषद जन्मास आली. मालाची परीक्षा या काळी तोंडी चाले: अमक्याने ते साधन वापरले, तमक्याला त्यात त्रास झाला, इतकेच. तोंडी साक्ष प्रामाणिक असली तरी ती दिवाणखान्याच्या भिंतींपलीकडे पोहोचत नाही, आणि बाहेरच्या नवख्या माणसाला तर ती ऐकूच येत नाही.

ही उणीव १९९४ साली सॅन फ्रान्सिस्को येथून निघू लागलेल्या ‘गेम डेव्हलपर’ या मासिकाने भरून काढली. खेळ खेळणाऱ्यांसाठी तोवर मासिके पुष्कळ होती. हे खेळ घडविणाऱ्यांसाठी होते, आणि त्यातील परीक्षणे पगारी पत्रकारांऐवजी बहुतांशी स्वतः धंद्यात राबणारे प्रोग्रामर आणि चित्रकार लिहीत. त्रिमितीय आकृत्या घडविण्याची साधने, ध्वनीचे संच, भौतिक हालचालींची गणिते सोडविणारी ग्रंथालये, अशा मालाची किंमत, तो चालण्यासाठी लागणारे यंत्र, त्याच्याबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेची प्रत, आणि शेवटी त्याचे गुणदोष त्रोटकपणे, असा त्या परीक्षणांचा शिरस्ता होता. अनेक टाकसाळींची नाणी एकाच वेळी चालत असलेल्या मराठी राज्यात भरण्याचे नाणे पोतदाराने पारखून दिल्यावाचून खजिन्यात जमा होत नसे. या मासिकाच्या परीक्षकांचे स्थान काहीसे त्या पोतदारासारखे होते. नाणे त्यांनी पाडलेले नव्हते, पण खरे-खोटे सांगण्याचा त्यांचा हात रोजच्या कामाने तयार झालेला होता. हेही नमूद केले पाहिजे की त्याच मासिकाच्या पानोपानी त्याच साधनांच्या जाहिराती असत, आणि मासिकाचा चरितार्थ बव्हंशी त्यांच्यावरच चाले. ग्राहकांच्या वर्गणीवर उभी राहून जाहिरात सर्वथा नाकारणारी, अमेरिकेत १९३६ साली स्थापन झालेल्या कन्झ्युमर्स युनियनसारखी संस्था या धंद्यात कधीच निर्माण झाली नाही. त्याची कारणे उघड आहेत: ग्राहक थोडे, माल नाना प्रकारचा, आणि शिवाय धुलाईयंत्र एकदा तपासले म्हणजे त्याचा निकाल निदान एक-दोन वर्षे तरी लागू पडतो, तर आज्ञावलीचा संच दर दोन महिन्यांनी बदलतो.

परंतु या मासिकाने दिलेली सर्वांत मोलाची देणगी परीक्षणांच्या सदरात नव्हतीच. ती ‘पोस्टमॉर्टेम’ या सदरात होती. पुऱ्या झालेल्या आणि विक्रीस गेलेल्या खेळाचा कर्ता स्वतःच्या कामाची उत्तरतपासणी करी: पाच गोष्टी ज्या बरोबर ठरल्या, पाच ज्या चुकल्या. किती माणसे, किती महिने, कोणती साधने, याचा तपशील शेजारच्या चौकटीत दिलेला असे. या लेखांचा हेतू कोणत्याही विक्रेत्याच्या मालाची परीक्षा करणे हा नव्हता, आणि नेमक्या याच कारणाने त्यातील मालाविषयीची विधाने अमोल ठरली. वॉरन स्पेक्टर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या ‘डीअस एक्स’ या २००० सालच्या खेळाची हकीकत याच पद्धतीने प्रसिद्ध झाली. तो खेळ एपिक कंपनीच्या ‘अनरियल’ इंजिनावर, म्हणजे परवान्याने घेतलेल्या परक्या पायावर, उभारलेला होता. आणि त्या पायाने कोठे हात दिला व कोठे घरचे श्रम उरलेच, याची चर्चा एका पुऱ्या झालेल्या कामाच्या संदर्भात वाचावयास मिळाली. ज्याने माल पंधरा दिवस हाताळला त्याची साक्ष आणि ज्याने तो घेऊन शेवटच्या दिवसापर्यंत वाट काढली त्याची साक्ष, या दोहोंत जे अंतर आहे, ते या सदराच्या वाचकांना प्रत्येक अंकात प्रत्ययास येत असे. पहिला साक्षीदार मालाचा आरंभ जाणतो. दुसरा त्याचा अंत जाणतो, आणि तयार मालाचे दोष जवळजवळ नेहमी अंताशीच उघडे पडतात.

इंजिनांचा व्यापार तोवर मोठ्या रकमांचा झाला होता. इड सॉफ्टवेअरच्या ‘क्वेक’ या १९९६ सालच्या खेळाचे इंजिन परवान्याने घेऊन वॉल्व्ह कंपनीने ‘हाफ-लाइफ’ हा १९९८ सालचा खेळ घडविला; अशा परवान्यांची किंमत काही लाख डॉलरांच्या घरात जाई, आणि इतकी रक्कम मोजणारा आपली माणसे पाठवून माल तपासून घेई. मासिकातील परीक्षणावर त्याला विसंबावे लागत नव्हते. तथापि अशा धनवंतांनाही न दिसणारा एक धोका होता. क्रायटेरियन कंपनीचे ‘रेंडरवेअर’ हे साधन या शतकाच्या आरंभी फार प्रतिष्ठा पावले होते. २००१ सालचा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ३’ हा अलोट खपलेला खेळ त्याच्यावरच उभा होता. २००४ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बलाढ्य प्रकाशकाने क्रायटेरियन विकत घेतली, आणि एका रात्रीत अनेक खेळकर्त्यांच्या कामाचा पाया त्यांच्याच प्रतिस्पर्ध्याच्या मालकीचा झाला. हळूहळू त्यांनी दुसरी वाट धरली. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या कर्त्यांनी तर स्वतःचेच इंजिन घडविले. साधनाच्या गुणात तिळमात्र फरक पडला नव्हता, आणि त्याची सर्व परीक्षणे पूर्वीइतकीच खरी होती.

एकदा मालाची परीक्षा न्यायासनासमोरही झाली. कॅनडातील सिलिकॉन नाइट्स या कंपनीने २००७ साली एपिकवर फिर्याद गुदरली की अनरियल इंजिन करारात ठरल्याप्रमाणे वेळेवर व कार्यक्षम स्थितीत मिळाले नाही. एपिकने उलट दावा केला की फिर्यादीने आमची आज्ञावली आपल्या इंजिनात विनापरवाना वापरली. २०१२ साली ज्यूरीने निवाडा एपिकच्या बाजूने दिला, सुमारे ४४ लाख ५० हजार डॉलरांची भरपाई देवविली, आणि पुढे न्यायाधीशांनी ‘टू ह्यूमन’ या खेळाच्या न विकलेल्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम फर्मावला. शपथेवर दिलेली साक्ष, उलटतपासणी, दोन्ही बाजूंचे दप्तर, असे सर्व सोपस्कार एखाद्या इंजिनाच्या गुणदोषांना क्वचितच लाभले असतील. परंतु सामान्य खेळकर्त्याला त्यातून कितपत मार्गदर्शन झाले याची मला शंका आहे, कारण न्यायालयाने करार कोणी मोडला हे ठरविले, त्या पायावर काम करावे की नाही हे ठरविले नाही.

दरम्यान किमतीचा डोलारा दुसऱ्या बाजूने कोसळत होता. ऑरेगॉनमधील गॅरेजगेम्स या मंडळींनी ‘ट्राइब्स २’ या खेळाचे इंजिन ‘टॉर्क’ या नावाने प्रत्येक प्रोग्रामरमागे १०० डॉलर इतक्या किमतीत देऊ केले. कोपनहेगन येथे २००४ साली स्थापन झालेल्या आणि पुढे युनिटी म्हणून गाजलेल्या कंपनीने २००९ साली आपल्या इंजिनाची एक आवृत्ती मोफत केली, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये ‘ॲसेट स्टोअर’ उघडले. तेथे कोणीही कारागीर आपला माल मांडू शकत होता. विक्रीतील ७० टक्के त्याचे, ३० टक्के दुकानाचे. एपिकने २०१४ साली आपले असेच दुकान थाटले, आणि २०१८ साली आपला हिस्सा ३० वरून १२ टक्क्यांवर आणला. लाखो डॉलरांच्या परवान्याच्या जागी पंधरा-वीस डॉलरांची खरेदी आली. ज्या मालाची किंमत इतकी अल्प, त्याचे परीक्षण कोण कशाला छापणार? ‘गेम डेव्हलपर’ मासिक २०१३ च्या जून-जुलैच्या अंकाबरोबर बंद पडले, आणि साक्षीचे काम दुकानातल्याच ताऱ्यांकडे गेले.

या ताऱ्यांविषयी सरसकट तुच्छतेने बोलणे मला अन्यायाचे वाटते. त्यांत हजारो प्रामाणिक माणसांचे चार-चार ओळींचे श्रम आहेत. परंतु ही साक्ष ज्या जागी नोंदविली जाते ती जागा विक्रीत हिस्सा असणाऱ्याची आहे, आणि ती नोंदविण्याची वेळ बहुधा खरेदीनंतरच्या पहिल्या आठवड्याची आहे. एक साधी लाकडी पेटी घ्या. दुकानातील चित्रात तिच्या फळ्यांवरचे रेषांचे जाळे, गंजलेली कडी, झाकणावरची धूळ, सारे मोहक दिसते; ग्राहक ती उतरवून घेतो, रिकाम्या प्रसंगात ठेवून पाहतो, आणि पाच तारे देऊन मोकळा होतो. त्याच पेटीच्या कडीला, फळ्यांना आणि खिळ्यांना निरनिराळी मटेरियल लावलेली आहेत, लांबून पाहण्यासाठी लागणारी हलकी आवृत्ती दिलेलीच नाही, आणि तिचा पिव्हट तळाशी नसून हवेत कोठेतरी आहे, हे त्याला कळते तेव्हा गोदामाच्या दृश्यात अशा दोनशे पेट्या रचून झालेल्या असतात आणि मोबाइलवर खेळ अडखळू लागलेला असतो. तोवर तारे देऊन सहा महिने उलटलेले असतात, आणि ते बदलावयास तो बहुधा परत जात नाही. कामाच्या गर्दीत त्याला तेवढी सवड कोठून असणार?

दुसरा प्रकार युनिटीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २०१८ पासून त्या इंजिनात चित्र रंगविण्याच्या नव्या पद्धती आल्या. जुन्या पद्धतीसाठी घडविलेला माल नव्या पद्धतीच्या प्रकल्पात आणला की त्याचा शेडर तेथे चालत नाही, आणि सबंध किल्ला, सबंध अरण्य, भडक गुलाबी रंगात न्हाऊन उभे राहते. मालाखाली मात्र २०१५ सालची स्तुती तशीच असते, आणि ती त्या दिवशी खरीही होती. परीक्षणाला वय असते. म्हणून जाणते लोक सरासरी ताऱ्यांकडे न पाहता अलीकडच्या तारखेचे, इंजिनाच्या आवृत्तीचा आकडा सांगणारे, तीन ताऱ्यांचे अभिप्राय आधी वाचतात आणि विक्रेत्याने माल शेवटचा केव्हा सुधारला ते पाहतात.

त्रयस्थ तपासणीचा एक स्तुत्य प्रयत्न टर्बोस्क्विड या २००० साली न्यू ऑर्लीन्स येथे स्थापन झालेल्या बाजाराने केला. ‘चेकमेट’ नावाची प्रमाणपत्रे देऊन त्याने जाळीची रचना, खरे माप, नावांची शिस्त अशा गोष्टी जाहीर निकषांवर तपासण्याची तजवीज केली. निकष छापील असल्याने वादाला जागा राहत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण तपासनीस त्याच बाजाराचा, आणि जे मोजता येत नाही त्याला, म्हणजे हा माल दीर्घ कामात कसा वागतो याला, प्रमाणपत्रात रकाना नाही.

दुकानाबाहेर चलच्चित्रांतून परीक्षण करणारे पुढे आले, आणि त्यांच्यापाठोपाठ पैशाचा प्रश्नही आला. कित्येकजण आपण दिलेल्या दुव्यावरून झालेल्या विक्रीत वाटा घेतात, कित्येकांना माल फुकट मिळालेला असतो. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००९ साली अशा संबंधांचा खुलासा करण्याची मार्गदर्शिका काढली. २०१५ साली मशिनिमा या कंपनीवर, पैसे घेऊन पण तसे न सांगता एक्सबॉक्स वनची भलामण करविल्याबद्दल कारवाई झाली. आणि २०२४ साली खोट्या अभिप्रायांवर सरळ बंदी घालणारा नियम आला. उलट निर्भीडपणे बोलणाऱ्यालाही झळ सोसावी लागली. विकत घेतलेला माल जेमतेम जोडून विकल्या जाणाऱ्या खेळांना ‘ॲसेट फ्लिप’ हे नाव ज्यांच्यामुळे रूढ झाले, त्या स्टर्लिंग या समीक्षकांवर एका नाराज खेळकर्त्याने २०१६ साली १ कोटी डॉलरांचा दावा लावला. तो २०१७ साली निकालात निघाला, पण वर्षभराचा मनस्ताप देऊन. या शब्दाने अनिष्टही घडले. तयार माल वापरणे हेच लाजिरवाणे, अशी समजूत खेळाडूंत पसरली. ‘पब्जी’सारख्या जगभर गाजलेल्या खेळाच्या कर्त्यांनाही २०१८ साली, लहान चमूने तयार माल का वापरावा, याचे समर्थन करावे लागले. जो माल वापरल्याचे सांगण्याची लाज वाटते, त्याची साक्ष देण्यास पुढे कोण येणार?

आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानक प्रसिद्ध केले. अभिप्राय देणारा खरा माणूस आहे की नाही याची पडताळणी, विकत घेतलेल्या अभिप्रायांना मज्जाव, अशा गोष्टी त्यात आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान चमूने अनरियलवर रचलेला ‘राजी’ २०२० साली जगभर पोहोचला; तेव्हापासून पुण्या-मुंबईत अशी स्वप्ने पाहणाऱ्या तरुणांची संख्या वाढली आहे, आणि रुपयांत मिळवून डॉलरांत माल घेणाऱ्या या मुलांना चुकलेली खरेदी अधिकच जड जाते, कारण एकदा उतरवून घेतलेला माल परत करण्याची मुभा या दुकानांत सहसा नसते. मानकाने अभिप्राय देणारा खरा आहे इतके कळेल. त्याने तो माल घेऊन काही पुरे केले काय, हे कळणार नाही.

ते कळण्याची जुनी वाट आता बुजत चालली आहे. माइल्सच्या काळी करारातील अटीमुळे डब्यावर जे नाव येई, त्याची सक्ती आजच्या दुकानांच्या सामान्य परवान्यांत नाही. खेळाच्या शेवटी सरकणाऱ्या श्रेयनामावलीत वाद्यवृंदाची, भाषांतरकारांची, चमूत जन्मलेल्या बाळांचीही नावे असतात; ती गोदामातील पेटी कोणी घडविली हे बहुधा नसते. काही खेळकर्ते आपखुशीने ही नोंद करतात, मालाचे आणि त्याच्या कर्त्याचे नाव देतात, आणि अशा नामावल्या शोधून वाचणारे, तेथून पत्र पाठवून ‘शेवटपर्यंत टिकले का?’ असे विचारणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना उत्तरे बहुतेक वेळा मिळतात, सविस्तर मिळतात, आणि ताऱ्यांत न मावणारी असतात. ‘गेम डेव्हलपर’चे जुने अंक आज सर्वांना विनामूल्य खुले आहेत. त्यातील पोस्टमॉर्टेमच्या शेजारची ती साधनांची लहानशी चौकट पुण्यात किंवा नागपुरात खेळ पुरा करणाऱ्या एखाद्या चमूने आपल्या खेळाबरोबर मराठीत छापली, तर पुढच्या चमूला खरेदीपूर्वी विचारावयास एक पत्ता मिळेल.